खाली किती वाजता उतरणार ते आधी सांगा

मागच्या अंकात एक दिवसाच्या ट्रेकबद्दल काय विचारायचंय ते विचारा असं दोन ओळीत टाकलं होतं, तर एवढं आलंय की सगळं एका अंकात बसणं शक्य नाही, जे बसलं ते खाली दिलंय. निम्म्या लोकांनी कुठले शूज घेऊ एवढंच विचारलंय, पण परत किती वाजता फिरायचं हे मात्र एकानेही विचारलेलं नाही. मी तीसेक वर्षं सह्याद्रीत भटकतेय आणि आमच्या ग्रुपची जी जी फजिती झाली ती बहुतेक वेळा उतरताना झाली, दुपारनंतर झाली, आणि सकाळी निघायला उशीर केल्यामुळे झाली. त्यामुळे मी प्रत्येक उत्तरात फिरून तिथेच येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

ताई, ऑफिसचे आम्ही बारा जण आहोत, दोघंच आधी ट्रेकला गेलेत, बाकी सगळे फर्स्ट टाइम. हरिहरचा व्हिडिओ बघून सगळ्यांनी तोच फायनल केलाय आणि येत्या रविवारी जायचंय. काय तयारी करू?
(एक वाचक, ठाणे)

तयारी नको, गड बदला. रागावू नका, हरिहर मलाही खूप आवडतो, पण त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, हात घालायला बाजूला खोबण्या आहेत म्हणून चढता येतं. चढताना तोंड कातळाकडे असतं, खालचं काही दिसत नाही, माणूस खुशीत वर जातो. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली बघावंच लागतं आणि तेव्हा कळतं की आपल्याला उंचीची भीती वाटते. त्यात रविवार म्हणजे त्याच अरुंद पायऱ्यांवर चढणारे पण आणि उतरणारे पण, एक जण मध्येच घाबरून बसला की वरचे वर आणि खालचे खाली. तुमच्या बारापैकी ती भीती कोणाला आहे हे तुम्हाला माहीत नाही, बहुतेक त्यांनाही माहीत नाही, आणि ते कळायची ती जागा नाही.

पहिला ट्रेक लोहगड करा. ठाण्याहून लोणावळ्यापर्यंत ट्रेन, तिथून पुण्याची लोकल पकडून मळवली, मग भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत चालत आणि पुढे पायऱ्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यातला हा एक. वर विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या टोकापर्यंत जाऊन या, परत येताना अंगात दम उरला तर भाजे लेणी बघा. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे माणसांचीच नदी असते, म्हणून शनिवारी पहाटे गेलात तर उत्तम. कोरीगड पण चालेल, पेठ शहापूरकडून पायऱ्या आहेत आणि वर तटावरून पूर्ण फेरी मारता येते.

आता वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये साधा हिशोब दिला होता, सपाटीला ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो थंड हवेतल्या दमदार माणसाचा हिशोब. आपल्याकडचा दमट उकाडा, नवी माणसं, दर दहा मिनिटांनी फोटो, त्यामुळे मी सरळ दीडपट धरते आणि वर खाण्यापिण्याचा एक तास वेगळा. बारा जणांचा ग्रुप सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने जातो हे पण धरा. मग अंधार पडायच्या दोन तास आधी पायथ्याला पोचायचंय असं ठरवून उलट मोजत या आणि पाय फिरवायची वेळ काढा, समजा एक वाजता, आणि ती सकाळी ट्रेनमध्येच सगळ्यांना सांगून टाका. एक वाजले की जिथे असू तिथून मागे, माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी. हे वर गेल्यावर ठरवायला गेलात तर बारा जणांची बारा मतं होतात आणि नेहमी "चल रे, आलोच आहोत तर" वालाच जिंकतो.

बाबा ५८ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, रोज चार किलोमीटर चालतात. त्यांना कळसूबाई करायचंच आहे. नेऊ का?
(एक वाचक, नाशिक)

नेऊ नका असं मी म्हणणार नाही, कळसूबाईवर तुमच्या बाबांपेक्षा मोठी माणसं अनवाणी देवीला जाताना मी बघितलीयेत. पण ती माणसं डोंगरातली असतात. चार किलोमीटर सपाट रस्त्यावर चालणं आणि बारी गावातून १६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत ८००-९०० मीटर चढणं यात फार अंतर आहे.

आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "थोडं फिरायला जातोय" असं नाही, सलग तीन-चार तास चढायचंय असं स्पष्ट सांगा, कारण आपली माणसं डॉक्टरकडे गोष्टी बारीक करून सांगतात. गोळी त्या दिवशी पण चुकवायची नाही. मग दोन महिने जिने. बिल्डिंगमध्ये असतील तर तेच, नाहीतर नाशिकला तुमच्याकडे पांडवलेणी आहेत, आठवड्यातून तीनदा चढून उतरायला लावा, एकदा पाठीवर तीन-चार किलोची सॅक देऊन. त्यानंतर अर्ध्या दिवसाचा एखादा सोपा डोंगर करून बघा, दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात त्यावर कळसूबाईचं ठरवा.

वाटेत लोखंडी शिड्या आहेत, वीकेंडला तिथे रांग लागते, म्हणून मधल्या वारी जा आणि उजाडायला चढायला लागा. त्यांचा वेग ओळखायचा सोपा उपाय म्हणजे त्यांच्याशी गप्पा मारत चला. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय तोवर ठीक, शब्द तुटायला लागले की बसा. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, गार घाम, यातलं काहीही झालं तर "ॲसिडिटी असेल" म्हणायचं नाही, चढणं तिथेच बंद, त्यांना बसवायचं आणि १०८ ला फोन. उतरताना दोन काठ्या द्या, गुडघ्यांवरचा बराच भार कमी होतो. त्या महागड्याच हव्यात असं नाही, बांबूची काठी छान चालते.

आणि ते वर पोचले नाहीत तरी चिडवू नका, पुढच्या महिन्यात परत येतील.

पाणी किती न्यावं? कोणी दोन लिटर सांगतं, कोणी पाच.
(एक वाचक, सांगली)

डिसेंबर-जानेवारीत माणशी तीन लिटर, ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारी संपल्यावर चार. ऑक्टोबर फसवा असतो, डोंगर हिरवा दिसतो म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि अकरा वाजता ऊन असं काही डोक्यावर येतं की बास. गडावर टाकी आहेत, बारमाही पाणी आहे असं माहितीत वाचून त्या भरवशावर जाऊ नका, टाकं असतं पण त्यात माकडांनी काय केलंय ते तिथे गेल्यावर कळतं. तरीही भरायची वेळ आलीच तर फडक्याने गाळून क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

नुसतं पाणी पीत राहिलं तरी पुरत नाही, घामातून मीठ जातं त्याचं काय. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खायला चिप्सचे पुडे कशाला नेतात देव जाणे, अर्धी सॅक हवेने भरते. गूळ-शेंगदाणे, दशम्या, खजूर, काकडी, राजगिऱ्याचा लाडू, आणि दुपारी गावात कोणाकडे तरी पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवा. जेवायच्या वेळेला गावात पोचायचं असलं की लोक वेळेवर खाली उतरतात, हा माझा अनुभव आहे, घड्याळापेक्षा पिठलं जास्त चालतं.

सोबतचा कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागला तर ती थट्टा नाही, उष्माघात असू शकतो. सावलीत झोपवा, कपडे ओले करा, वारा घाला आणि त्याला खाली न्यायची सोय लगेच सुरू करा.

मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. पावसाळाभर दर रविवारी धबधबे. फोन लागत नाही, माझा जीव टांगणीला. तिला थांबवू का?
(एक आई, लातूर)

थांबवलंत तर ती न सांगता जाईल, त्यापेक्षा सांगून जायची सवय लावा.

शनिवारी रात्री तिने तुम्हाला एक मेसेज टाकायचा. गड किंवा जागा कुठली, पायथ्याचं गाव कोणतं, कुठल्या वाटेने चढणार आणि कुठे उतरणार, बरोबर कोण आणि त्यातल्या दोघांचे नंबर, गाडीचा नंबर, गावात ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांचा फोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वाजेपर्यंत तुम्हाला फोन करणार. ती सहा म्हणाली तर तुम्ही आठपर्यंत गप्प बसायचं, रेंज नसते, गाडी पंक्चर होते. आठ वाजले की आधी गावातल्या माणसाला फोन, तिथे कळलं नाही तर ११२. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर म्हणून राज्यभरातल्या गिर्यारोहकांची रेस्क्यूसाठीची यंत्रणा आहे, त्यांची हेल्पलाइन आजच दोघींच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्र या रेस्क्यू टीमची पोरं आहेत. ही सगळी आपली कामं सोडून रात्री डोंगरात जाणारी माणसं आहेत, त्यांना नेमकी वाट सांगता आली तर शोधाचे कित्येक तास वाचतात.

आता पाण्याबद्दल हे तिला वाचायला द्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, मुलं होती त्यात. थोड्या वेळापूर्वी त्याच पाण्यात लोक मजेत उभे होते. डोंगरातला ओढा असाच असतो, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पठारावर पडत असतो आणि ते सगळं पाणी एका घळीतून खाली येतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला, की बाहेर. सामान नंतर, आधी माणसं. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा संध्याकाळी मांडीएवढा असला तर ओलांडायचाच नाही, हातात हात धरून साखळी करून पण नाही. अलीकडेच बसून राहायचं, पाऊस थांबला की असे ओढे बहुतेक वेळा काही तासांत उतरतात. थंडी वाजेल, आई ओरडेल, पण बसायचं. सांदण दरीसारख्या घळींमध्ये तर पावसात उतरायचंच नाही. आणि देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी प्रशासन बंदी घालतं तेव्हा "मागच्या वाटेने नेतो" म्हणणारे भेटतात, त्यांच्यामागे जायचं नाही.

डीओ मारून ट्रेकला गेलं तर चालतं का?
(एक वाचक, पिंपरी)

नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यांना उग्र वास, धूर आणि आरडाओरडा तिन्ही आवडत नाही. उठलीच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड-डोकं कपड्याने झाकून तिथून लांब निघा, पण पायाखाली बघत, मधमाश्यांपेक्षा कड्यावरून पडून जास्त लागतं. काटे नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर हॉस्पिटल, घरगुती उपाय नाहीत.

मुलींसाठी कोणी लिहीतच नाही. वॉशरूमचं काय करता? पाळीच्या दिवसात जावं का?
(एक वाचक, कोल्हापूर)

बरं झालं विचारलंत. आमच्या वेळी याची इतकी लाज होती की मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, आणि मग दुपारी चक्कर, डोकेदुखी, पुढे लघवीचं इन्फेक्शन. पाणी कमी पिणं हा उपाय नाही. पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे चहा घेता त्या घरात निघायच्या आधी आणि आल्यावर विचारा, नाही म्हणत नाहीत कोणी. वाटेत दोघी-दोघींनी जायचं, एक पहाऱ्याला. वाटेपासून आणि पाण्यापासून लांब, पण कड्याच्या बाजूला मुळीच नाही, आणि झुडपात पाय ठेवायच्या आधी काठी आपटायची. लांब कुर्ता किंवा एक मोठी ओढणी असेल तर फार सोपं जातं. पाळीत जायचं की नाही ते तुमच्या अंगाला विचारा, मी गेलेय, पहिल्या दिवशी नाही गेले. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत, ती पिशवी झिपवाल्या पिशवीत, आणि परत घरी. पुरायचं नाही, टाक्याजवळ टाकायचं तर अजिबातच नाही. ग्रुपमध्ये दहा मिनिटांचा ब्रेक हवाय हे मोठ्याने सांगायला शिका, कारण सांगायची गरज नाही.

मागच्या वर्षी धुक्यात आम्ही वाट चुकलो, तीन तास फिरत होतो. फोनमध्ये मॅप होता पण बॅटरी संपली. अशा वेळी नक्की काय करायचं?
(एक वाचक, संगमनेर)

तीन तास फिरत होतात हीच चूक झाली. मी पण केलीये. खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडाला चाललो होतो, तोलार खिंड झाली, रेलिंगचा कातळटप्पा झाला, वर पठारावर आलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. तिथे एकामागून एक टेकड्या, सगळ्या सारख्याच. मी पुढे होते, छान मळलेली वाट मिळाली म्हणून खुशीत चालत राहिले, ती होती ढोरवाट. अर्ध्या तासाने कारवीच्या झुडपांत घुसून संपली. मग माझ्यातला शहाणपणा असा की मागे फिरायच्या ऐवजी "इकडून कापून जाऊ", आणि कापता कापता पायाखालची जमीन उताराला लागली. आमच्यातल्या एकाने हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाला पाणी पी आधी. धुकं दहा मिनिटं उघडलं तेव्हा कळलं की आमच्या डाव्या हाताला बऱ्यापैकी खोल दरी होती. मग आल्या वाटेने परत, खुणेसाठी रचलेल्या शेवटच्या दगडांच्या ढिगाऱ्यापर्यंत गेलो, तिथून वाट दाखवणारा बाण सापडला. माथ्यावर पोचलो नाही, त्याच दिवशी खाली.

तर वाट गेली असं वाटलं की थांबा, बसा, काहीतरी खा. शेवटची खात्रीची खूण कुठे होती ते आठवा, बाण, ढिगारा, रेलिंग, काहीही, आणि तिथपर्यंत मागे जा. ओढ्याच्या कडेने उतरलं की गाव येतं असं कोणीतरी सांगतं, ते सह्याद्रीत कोकणच्या बाजूला करू नका, तिथे ओढा सरळ कड्यावरून उडी मारतो. शिट्टी ठेवा, ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा. खूण मिळालीच नाही आणि अंधार पडला तर चालणं बंद, जिथे आहात तिथेच सगळे एकत्र बसून रात्र काढायची, म्हणून जास्तीचं जर्किन आणि टॉर्च हे एक दिवसाच्या ट्रेकला पण लागतं. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही.

बॅटरीचं म्हणाल तर रेंज नसलेल्या ठिकाणी फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि त्यातच संपतो. मॅप आणि ट्रॅक घरीच डाउनलोड करा, चढायला लागलात की एअरप्लेन मोड, जीपीएस त्यातही चालतं. ग्रुपमधला एक फोन पूर्ण बंद करून सॅकमध्ये ठेवून द्या, फोटो काढायला पण तो काढायचा नाही.

इन्स्टावर ७९९ रुपयांत ट्रेक, बसमध्ये नाश्ता, सर्टिफिकेट पण. ग्रुप चांगला आहे की नाही कसं ओळखायचं?
(एक वाचक, डोंबिवली)

फोन करून विचारा. किती माणसं नेताय, लीडर किती, त्यातला शेवटी कोण चालणार. पुढे चालायला सगळे तयार असतात, शेपटीला कोण आहे यावर ग्रुप कळतो. लीडरपैकी फर्स्ट एडचं शिक्षण कोणी घेतलंय, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, तिथे सर्पदंशाची लस असते का. घोणस, फुरसं, नाग, मण्यार सगळे आपल्याकडे आहेत, चावलं तर बांधणं-कापणं-चोखणं काही करायचं नाही, अंगठी-घड्याळ काढून चावलेला हात-पाय न हलवता लवकरात लवकर तिथे पोचायचं, म्हणून हा प्रश्न. मग विचारा की वाटेत विजा व्हायला लागल्या तर ट्रेक सोडता का. "आपले ट्रेक कॅन्सल होत नाहीत" असं अभिमानाने सांगितलं तर पैसे भरू नका. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा असतात, तेव्हा माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी रेलिंगला धरून उभं राहायचं नसतं, त्या आधी खाली असायला हवं.

एका ग्रुपबरोबर मी एकदा भाचीसाठी म्हणून गेले होते, साठ माणसं आणि तीन लीडर, तिघंही पहिल्या तीसात. मागच्या मुलांना वाट दाखवत शेवटी मीच उतरले, सर्टिफिकेट मात्र मलाही मिळालं.

ट्रेकहून आल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नाही. वय २९. काय कमी पडतंय?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

चढण्याने दम लागतो, मांड्या दुखतात त्या उतरण्याने. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याची सवय ऑफिसच्या खुर्चीत होत नाही. शूजचे बंद उतारावर जरा घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, घसाऱ्यावर पाय आडवे टाकत या, पळू नका. आणि पुढच्या ट्रेकआधी तीन आठवडे रोज बिल्डिंगच्या जिन्याने प्रॅक्टिस करा. वर लिफ्टने गेलात तरी चालेल, खाली मात्र पायऱ्यांनीच या.